हिरव्या पानाखालची ओळ

३ मार्च

ताई,

दवाखान्याच्या पत्त्यावर लिहितेय, दचकू नकोस. घरी फोन केला की बाबा शेजारच्या खोलीत श्वास रोखून ऐकत बसतात. हे त्यांच्या कानावर इतक्यात जायला नको.

मी काल थाई जेवले.

हो, मीच. आमच्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत, लाँड्री आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधे एक दार आहे. इतके दिवस मला ते गोदाम वाटायचं. आत सहा टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं, आणि खिडकीची काच कायम वाफेने धुरकटलेली. स्वयंपाक करणारी आणि मालकीण एकच. ती तिकडची, थाईच. बुटकी, दंडाला भाजल्याचे डाग, आपली भाषा तोडकीमोडकी पण बिनधास्त बोलते. गल्लीत सगळे तिला मावशी म्हणतात.

मी कार्ड उघडायच्या आधीच विचारलं, "मासा?"

"नाही टाकत. भाजी वेगळी."

"तसं नाही. माशाचं पाणी? कोळंबीची पेस्ट? शिंपल्यांचा सॉस?"

 तिने हात पुसले, माझं मनगट धरलं आणि मला सरळ आत नेलं. ताई, दोन चुली वेगळ्या, दोन पळ्या वेगळ्या. शाकाहारी फळीवर सोयाबीनचा खारा रस, आंबवलेल्या दाण्यांची पेस्ट, सुकवलेल्या अळंब्यांची पूड. हिरव्या मिरचीचं वाटण ती स्वतः कुटते, कोळंबी न घालता. एकेक बाटली माझ्या नाकाखाली धरून म्हणाली, "वास घे. पोलिसाचा कुत्रा घेतो तसा घे." मी घेतला. सगळ्या बाटल्यांचा घेतला. लाज नाही वाटली.

मग बसले आणि खाल्लं. वांगी आणि टोफू घातलेली हिरवी करी, कच्च्या पपईचा लिंबू पिळलेला झणझणीत किस, नारळाच्या दुधातलं अळंबीचं सूप. खाताना रडले. समोरच्या टेबलवरच्या माणसाला वाटलं मिरची लागली, त्याने पाण्याचा जग सरकवला.

मिरची नव्हती लागली. मला तुमच्या गावातलं ते दुसरं थाई हॉटेल दिसत होतं. बाबांचा सत्तरावा वाढदिवस, खिडकीजवळचं टेबल. कार्डावर ज्या पदार्थांपुढे हिरवं पान छापलेलं, तेवढेच आपण मागवले. बाबा किती खूश होते! आणि शेवटी तो मालक, स्वयंपाकघरातही सूट घालून फिरणारा, विचारायला आला, "कसं होतं जेवण?" मीच वेडी, कौतुकाने म्हणाले, "मासे न घालता इतकं चविष्ट करता, कमाल आहे. आमच्या बाबांनी पन्नास वर्षांत माशाला हात लावलेला नाही." आणि तो फिदीफिदी हसला. म्हणाला, "काका, मासा तर तुमच्या प्रत्येक घासात होता! त्याच्या रसाशिवाय ही चव येते होय?"

बाजूची दोन टेबलंही हसली. बाबांनी चमचा ठेवला, उठले, आणि कुणाकडेही न बघता चालत घरी गेले. आपले काका समुद्रात बुडाले त्या दिवसापासून बाबांनी पाळलेलं. "समुद्राने माझा भाऊ खाल्ला, आता मी समुद्रातलं काही खाणार नाही," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते एका फिदीफिदी हसण्यात गेलं. तेव्हापासून बाबा घराबाहेर जेवत नाहीत, धड घरातही जेवत नाहीत.

मावशीकडे बाबांना आणायचंय मला. आणि त्या सूटवाल्याचं काय करायचं ते मी दोन वर्षं दातात धरून ठेवलंय. ते सुटलेलं नाही, एवढंच कळवते.

मिरची


११ मार्च

मिरचे,

तुझं पत्र एक दाढ आणि एक कवळी यांच्या मधे वाचलं. डॉक्टर आत होते, बाहेर बाकावर चार गाल सुजलेले, आणि मी अपॉइंटमेंटच्या वहीखाली तुझं हॉटेल लपवून वाचतेय.

तुला चांगलं जेवायला मिळालं, बरं वाटलं. तू एकटी राहतेस, दुपारचा डबा कसाबसा नेतेस, गल्लीतच असं काही असेल तर जात जा. त्या मावशीला माझा नमस्कार सांग.

पण बाबांचं डोक्यातून काढ. ते यायचे नाहीत. सकाळी दूध-पाव, दुपारी उकडलेला बटाटा, संध्याकाळी पुन्हा दूध-पाव. मीठसुद्धा वरून घेत नाहीत. मी काही केलं की म्हणतात, "तू जेव, मला नको." दिवसभर ते जुनं शिवणयंत्र पुढ्यात घेऊन बसतात. डेपोतल्या बसच्या सीटा तीस वर्षं शिवल्या त्या माणसाने, आता शेजाऱ्यांच्या पिशव्यांचे बंद शिवतो. फिरायला जातात, पण त्या हॉटेलच्या रस्त्याने नाही, मागून वळसा घालून.

आणि तो सूटवाला. मिरचे, दोन वर्षं झाली. तो हसला, मूर्खपणाने हसला. असे हसणारे जगात पोत्याने आहेत. सगळ्यांचा वचपा काढत बसलीस तर प्रूफं कधी बघशील? त्या मावशीलाही फार खोदून विचारत बसू नकोस. जेवायला गेलीस, जेव.

पत्र इथेच पाठवत जा. घरी नको.

तुझी ताई


२ एप्रिल

ताई,

देव आहे. आणि तो छापखान्यात येतो.

सोमवारी आमच्या मालकांनी माझ्या टेबलावर एक जाडी फाइल टाकली. "मोठं काम आहे, डोळ्यात तेल घालून बघ." उघडलं तर पहिल्याच पानावर त्याचा फोटो, सूटसकट. तो इथे, माझ्या शहरात, दुसरं हॉटेल उघडतोय! त्याची मेनूकार्डं आमच्याकडे छापायला आलीत. आठशे प्रती, जाड कागद, कडेला सोनेरी रेघ. ज्या माणसाने आपल्या बापाला हसून मारलं, त्याचं कार्ड तपासायला मी. काम एजंटाकडून आलंय, त्याला माझा पत्ताही नाही.

अकरा पदार्थांपुढे हिरवं पान आहे. तेच, तसंच.

मी दुपारी मावशीकडे गेले आणि प्रूफ तिच्यापुढे ठेवलं. तिने एकेका पदार्थावर बोट ठेवलं. तुला सांगते, ती या हॉटेलच्या तुमच्या गावातल्या स्वयंपाकघरात सहा वर्षं होती! मला ठाऊक नव्हतं, तिलाही माझं ठाऊक नव्हतं.

"यात माशाचं पाणी," ती म्हणाली. "यात पण. यात पेस्ट. यात दोन्ही."

"हिरवं पान असून?"

"तो म्हणतो, तुकडा दिसत नाही, म्हणजे पान." ती खांदे उडवून कोथिंबीर निवडायला लागली.

अकराच्या अकरा, ताई. म्हणजे आपण एकटे नव्हतो. दररोज कितीतरी लोक त्या पानावर विश्वास ठेवून जेवत असतील.

मी काय करणार ते ऐक. मी एक शब्द खोटा छापणार नाही. अठरा वर्षांत मी एक काना चुकवलेला नाही, आत्ताही चुकवणार नाही. त्याने मंजूर केलेलं प्रूफ मशीनवर जाण्याआधी शेवटचं माझ्याकडे येतं. त्या अकरा पदार्थांखाली मी बारीक, सुबक अक्षरात एक ओळ घालणार: "यात माशाचा रस आहे." बस. पान तसंच राहू देणार, त्याच्या खालीच ओळ. खोके बांधून उद्घाटनाच्या सकाळी थेट हॉटेलवर जातात, कोण उघडून बघतंय?

काट्याने काटा काढतात, मी माशाच्या काट्याने काढणार. दोन वर्षांत पहिल्यांदा मला काल गाढ झोप लागली.

मिरची


९ एप्रिल

मिरचे,

करू नकोस.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी मशीन थांबव. तुझी नोकरी जाईल. तुझ्या मालकांनी तुला शिकवलं, तू त्यांच्या छापखान्याचं नाव मातीत घालणार? आणि त्या मावशीचं काय? तिथे काम केलेली बाई तुझ्या गल्लीत आहे हे त्याला शोधायला कितीसा वेळ लागेल?

बाबांसाठी करतेस म्हणतेस. बाबांना विचारलंस? तू वर्षातून दोनदा येतेस, दोन दिवस राहतेस, त्यांच्या पायाशी बसून डोळे पुसतेस आणि गाडी पकडतेस. रोजचा बटाटा मी उकडते. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर सूडही घ्यायचा, हे बरं आहे.

रागाने लिहिलं. पण खोटं नाही लिहिलं.

त्या दिवशी काय झालं ते तुला वाटतं तितकं सरळ नसेलही. एवढंच म्हणते. ऐक माझं, एकदा तरी ऐक.

ताई


२४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा खोके बांधून झाले होते. आधी आलं असतं तरी मी थांबले नसते, म्हणून पोस्टाला दोष देत नाही.

सगळं सांगते.

उद्घाटन दुपारच्या जेवणाला होतं. मी निळी साडी नेसले, केस विंचरले आणि पाहुण्यासारखी जाऊन कोपऱ्यातल्या टेबलवर बसले. फुलं, आरसे, गुळगुळीत फरशी. तो दारात उभा, नवा सूट, प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत होता. माझाही घेतला. ओळखलं नाही.

कार्डं आली. माझ्या पुढच्या टेबलवर एक म्हातारं जोडपं आणि त्यांची सून. सुनेने चष्मा लावला आणि सासूला वाचून दाखवायला लागली. "हे बघा आई, हिरवं पान आहे, हे तुम्हाला चालेल. नारळाच्या दुधातलं... यात माशाचा रस आहे." थांबली. पुन्हा वाचलं. पुढचा पदार्थ. पुढचा. मग मोठ्याने वेटरला म्हणाली, "अहो, हे पान कशाचं? माशाच्या शेपटीचं?"

ताई, मग ते वणव्यासारखं पसरलं. एका मोठ्या टेबलवर कुठल्याशा ऑफिसातले दहाबारा जण होते, त्यातला एकजण तावातावाने उभा राहिला. "मी तुमच्या जुन्या हॉटेलात दर महिन्याला हेच खात होतो!" वेटर आत पळाले, स्वयंपाकी बाहेर आला, त्याला विचारलं तर तो बिचारा खरं बोलून मोकळा झाला, "असतोच की रस, त्याशिवाय कसं?" खुर्च्या सरकल्या. कुणी ओरडत होतं, कुणी फोनवर फोटो काढत होतं. सूटवाला या टेबलवरून त्या टेबलवर कार्डं गोळा करत धावत होता, आणि लोक देत नव्हते. म्हातारी सासू जाता जाता त्याला म्हणाली, "मेल्या, मरताना तुझ्या तोंडात पाणी कोण घालेल?" मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

अर्ध्या तासात हॉटेल रिकामं. मी अजून बसलेली.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घामाने कॉलर भिजलेली. मी म्हणाले, "ओळखलंत? सत्तरावा वाढदिवस. प्रत्येक घासात मासा."

 तो समोरच्या खुर्चीत बसला. मला वाटलं ओरडेल. पण हळूच म्हणाला, "तुमचे वडील होय. अहो, पण तुमच्या बाबतीत तर मी विचारून घातलं होतं. फोनवर स्पष्ट विचारलं, थोडा माशाचा रस असतो, चालेल ना? तुमच्याच घरच्या बाई म्हणाल्या, चालेल, फक्त सांगू नका. मी हसलो ते चुकलो, हे खरं. पण फसवलं मी नाही."

मी त्याच्या तोंडावर कार्ड आपटलं आणि निघाले.

किती नीच असावं माणसाने! बुडताना हाताला लागेल त्याला ओढतो.

बाकीचं थोडक्यात. मालकांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. "अठरा वर्षांत काना चुकवला नाहीस पोरी, आणि आता अख्खी ओळ?" संध्याकाळी माझा चष्मा, कात्री आणि शब्दकोश पिशवीत घालून घरी आले. आणि मावशी. आनंदाने तिच्याकडे गेले, तर तिने ताट वाढलं पण शेजारी बसली नाही. म्हणाली, "तो खोटं बोलतो, ते वाईट. पण तू विष असल्यासारखं छापलं. माझी आई त्या रसावर मोठी झाली." 

तरी मला पश्चात्ताप नाही. त्याचा चेहरा आठवला की अंगावर मूठभर मांस चढतं.

फक्त एका ओळीत लिही की तो खोटारडा आहे. मला माहीत आहे, पण तुझ्या अक्षरात हवंय. हॉटेल तूच ठरवलं होतंस ना? त्या दिवशी फोन कुणी केला होता?

मिरची


६ मे

मिरचे,

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं.

तो खोटारडा आहे. पण फोनचं तो खोटं बोलला नाही.

फोन मी केला होता. दवाखान्यातून. समोर एक बाई गाल धरून रडत होती, आतून डॉक्टर हाका मारत होते, आणि तिकडून तो विचारत होता, "रसाशिवाय करायचं तर आम्हाला जमणार नाही, बाई. थोडाच असतो. चालेल का?"

आता हे ऐक, मग काय ते बोल. त्या वर्षी बाबा रोज फिरून येताना त्या हॉटेलच्या खिडकीखाली थांबायचे. मी दोनदा पाहिलं. हात मागे बांधून, डोळे मिटून उभे. मी विचारलं, "बाबा, काय झालं?" तर म्हणाले, "वास छान येतो गं." आईच्या पश्चात त्या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलं होतं? मी म्हटलं, वाढदिवसाला इथेच. त्यांनी लहान मुलासारखं आठवडाभर विचारलं, "शनिवारीच ना? बारा वाजता ना?" आणि मी त्यांना काय सांगायला हवं होतं, रद्द झालं? चमचाभर रसासाठी?

मी म्हटलं, चालेल. सांगू नका.

मला वाटलं, त्यांना कळणार नाही. त्यांना आनंद होईल, पाप लागायचं ते मला लागेल, आणि संपेल. तो येऊन हसेल हे कुणाला ठाऊक?

दोन वर्षं बटाटे उकडतेय मी. तू त्याला शिव्या देऊन पत्रं लिहायचीस आणि मी ती वाचून आत डॉक्टरांना हसतमुखाने पुढचा पेशंट पाठवायचे. दात आपलेच, ओठ आपलेच, कुणाला सांगू?

बाबांना सांगू नकोस. तुझ्या पाया पडते. मला काय हवं ते म्हण, पण त्यांना नको. त्यांच्याजवळ मीच आहे गं, माझ्या हातचं तेवढं तरी खातात. तेही बंद होईल.

ताई


१० मे

ताई,

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर नाही. घरच्या. पाकीट नाही, उघडं कार्ड आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

माझी नोकरी गेली. मी भर दुपारी परक्या माणसाचं हॉटेल रिकामं केलं. दोन वर्षं मी ज्याचा गळा धरायला हात शिवशिवत ठेवले, तो गळा तुझा होता. आणि तू मला लिहीत होतीस, "असे हसणारे पोत्याने आहेत."

बाबांना विचारून बघ, माशाचा रस चालेल म्हणून फोनवर कोण म्हणालं होतं. नाहीतर त्यांनाच हे वाचू दे.

मी सांगितलेलं नाही हं. मी फक्त छापलंय.

मिरची


१८ मे

पोरी,

तुझं कार्ड पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. चष्म्याशिवाय वाचता आलं. तुला तेच हवं होतं.

मला लिहायची सवय नाही. डेपोत सही आणि सीटचा नंबर एवढंच लिहायचो. जमेल तसं लिहितो, तू मनात दुरुस्त करून घे, तुझं ते कामच आहे.

मी ते तुझ्या ताईपुढे ठेवलं, तिने तुझी सगळी पत्रं आणून माझ्यापुढे ठेवली, आणि तेव्हापासून ती माझ्यासमोर मान वर करत नाही. दवाखान्यातून येते, बटाटा ठेवते, आत जाते. मी तिला काही बोललो नाही, कारण आधी तुम्हा दोघींना एकदम सांगायचंय. हे आधी तिला वाचायला देणार आणि मग तिच्याच हाती पोस्टात टाकायला देणार आहे.

मी मासळीवर वाढलो. तुझ्या आजीने दात यायच्या आधी मला माशाचं पाणी बोटाने चाटवलं. वीस वर्षं दोन्ही वेळेला तेच जेवलो. आणि तुम्हा दोघींना वाटलं की मला चव कळली नसेल?

पहिला घास तोंडात गेला तेव्हाच कळलं. अगं, कळलं काय, अंगावर काटा आला. चमचा तेव्हाच खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही. दुसरा घास घेतला. वाटी संपवली. भात परत मागितला तो मीच, तुला आठवत असेल. तुम्ही दोघी गप्पा मारत होतात आणि मी पन्नास वर्षांची भूक चोरासारखी भागवत होतो. मनात म्हणत होतो, कुणी बोललं नाही तर मलाही माहीत नव्हतं असं होईल.

मग तो माणूस हसला. मी उठलो ते त्याने फसवलं म्हणून नाही उठलो. चारचौघांत पकडला गेलो म्हणून उठलो.

खिडकीखाली का उभा राहायचो ते आता ताईला कळेल. त्या वासात काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अजून एक. तुमचा काका बुडाला त्या पहाटे होडीवर जायची पाळी माझी होती. अंग दुखतंय म्हणून मी पांघरूण ओढलं. अंग दुखत नव्हतं. तो माझ्या जागी गेला. समुद्राने भाऊ खाल्ला वगैरे मी लोकांना सांगायचो, कारण ते ऐकायला बरं वाटायचं. खरं मी आजवर तुमच्या आईलाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा दूध-पाव ही माझी मला दिलेली शिक्षा आहे. त्या हॉटेलवाल्याचा तिच्याशी संबंध नाही. तो लबाड आहे, लोकांच्या पानावर खोटं वाढत होता, त्याचं उघडं पडलं ते बरंच झालं. पण ते तू लोकांसाठी केलं नाहीस, माझ्या नावाने केलंस. शिक्षा मी भोगत होतो आणि तू चाबूक घेऊन गावभर फिरलीस. आणि शेवटी तो बहिणीवर उगारलास, तोही उघड्या कार्डावर, पोस्टमनसुद्धा वाचेल असा. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

ताईवर मी चिडलोय. माझ्या वतीने हो म्हणायचा तिला हक्क नव्हता. पण ती चीड माझी आहे. त्यात तू वाटेकरी होऊ नकोस.

नोकरीचं वाईट वाटलं. तुझ्या मालकांना मी पत्र लिहिणार होतो, पण बापाने लिहून काही होत नसतं. तू स्वतः जा, आणि त्या मावशीकडेही जा. तिच्या आईचं जेवण विष असल्यासारखं छापलंस, त्याची माफी माग.

रविवारच्या सकाळच्या गाडीने ये. ताईला मी स्टेशनवर पाठवतो, तिला जायचं असो वा नसो. जे भांडायचं, रडायचं ते दोघींनी फलाटावरच उरकून घ्या, वेळ लागला तरी चालेल, मी वाट बघेन. घरात पाऊल टाकल्यावर मला कुणी समजवायचं नाही, आणि माझी बाजू घेऊन कुणी कुणाशी बोलायचं नाही.

आणि त्या दिवशी जेवण कसं होतं हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, त्या माणसाने विचारलं आणि मी उत्तर न देता उठून आलो.

फार चांगलं होतं.

बाबा